शिळी सुरमई

अरे, सौदीतल्या कतीफच्या प्रदर्शनात माझी काय फजिती झाली! नवा मासळीबाजार कसा असावा, हे लोकांना विचारायचं होतं. रिकाम्या टेबलावर टॅबलेट धरला की पडद्यावर अख्खा बाजार उभा राहायचा, सुरमईसकट. सगळं मीच बनवलेलं.

रत्नागिरीचे हमीदचाचा इथे तीस वर्षं मासे विकतात. त्यांनी टॅबलेट नाकापाशी नेला.

"शिळी आहे."

"चाचा, बाजाराबद्दल सांगा ना!"

"डोळे बघ, आत गेलेत."

शेजारचे सौदी कोळीही वाकून बघायला लागले. संध्याकाळी साहेबांनी अभिप्रायाची वही उघडली, तर पानोपानी एकच: मासा शिळा!

मी जन्माचा शाकाहारी. रात्रभर बसून सुरमईचे डोळे चकचकीत केले.

सकाळी चाचांनी निरखून पाहिलं. "हां, आता बोल. बाजाराचं काय विचारत होतास?"