वरचं नको, खालचं वाच

—नाही, नाही, आधी तो शब्द खोडा. ‘वयोमानानुसार.’ खोडा म्हणते ना! मला उलटं वाचता येतं, पस्तीस वर्षं बाकांसमोर उभी राहून पोरांच्या वह्या उलट्याच वाचल्यात. खोडलात? हं. आता नीट बसा. सकाळी साडेसहाला लोकांच्या दारात उभं राहायचं म्हणजे तुम्हीही उपाशीच आला असणार, तो चहा घ्या. संगणक तर तुमच्या माणसांनी खोक्यात घालून नेला, आता चहाकडे तरी संशयाने बघू नका — त्यात गुप्त काही नाही, साखरसुद्धा नाही.

तुमच्यावर राग नाही हो माझा. तुम्ही चौकशीच्या बाई, तुमचं कामच ते. राग आहे तो त्या टीव्हीवर. अकरा दिवस झाले, एकच दळण — खात्याच्या सचिवाने सरकारी गुप्त कागद आईच्या ईमेलवर मागवले, आईच्या ईमेलवर मागवले! विरोधी पक्षाचे लोक सभागृहात फलक घेऊन उभे. एका पेपरात माझं व्यंगचित्र, भला मोठा अंबाडा घातलेलं — हे केस बघा माझे, मानेवर कापलेत, अंबाडा कुठून आणू? बरं, तेही सोडलं. पण परवा माझा मुलगा, माझ्या पोटचा, कोट घालून कॅमेऱ्यासमोर काय म्हणाला? ‘माझी आई वयस्कर आहे, तिच्या हातून अजाणता काही झालं असेल, तिला आता नीट आठवत नाही. मी ते खातं कधी उघडलेलं नाही, आणि गोपनीय शिक्क्याचा एकही कागद तिथे आल्याचं मला माहीत नाही.’ पाठोपाठ सूनबाई आल्या फुलं घेऊन — जन्मात कधी फुलं आणली नव्हती हो — म्हणतात, ‘आई, कुणी विचारायला आलं तर एवढंच सांगा, आठवत नाही. बाकी वकील बघतील.’ आठवत नाही! मला!

अगं, मी भूगोल शिकवलाय. नद्या उपनद्यांसकट पाठ आहेत मला. माझ्या पहिल्या वर्गाची हजेरी आत्ता म्हणून दाखवते, एकाहत्तर नावं, म्हणू? — अगं म्हटलं तर चालेल ना? नातीएवढी आहेस. तर ऐक, आणि स्वच्छ अक्षरात लिही. माझा मुलगा एका बाबतीत शंभर टक्के खरं बोलला. त्याने ते खातं कधी उघडलं नाही. मी उघडायचे. पासवर्ड माझा, संगणक माझा, चष्मा माझा. नातीने फोटो पाठवायला काढून दिलं होतं ते खातं. ठोंब्याला — घरात आम्ही ठोंब्याच म्हणतो, लहानपणी एकदा बसला की हलायचं नाव नाही, आता असेल मोठा साहेब — तर ठोंब्याला त्या ऑफिसच्या ईमेलचा कंटाळा. एक पासवर्ड घाला, मग दुसरा घाला, मग एका एवढ्याशा यंत्रावर आकडे येणार ते घाला, आणि ते यंत्र हा रोज हरवणार. शाळेत डबा हरवायचा, इथे यंत्र. शेवटी हाताखालच्यांना सांगितलं, सकाळचे कागद या पत्त्यावर टाकत जा. आणि रोज सव्वासातला इथे फोन. हाच तो, आवाज पूर्ण मोठा करून ठेवलाय, माझे कान गेलेत ना, जिन्यातल्या माणसालाही ऐकू जातं. तो तिकडे दाढी करायचा, मी इकडे वाचायचे.

हॅलो नाही, कशी आहेस नाही, एकदम — ‘आई, काय आलंय?’ — की मी सुरू. त्याच्या आधी कसं होतं सांगू? महिन्यातून एक फोन, तोही गाडीतून, तोही तुटायचा. त्याचे वडील गेले त्या वर्षीसुद्धा पाच वेळा बोललो असू. आणि त्यानंतर दोन वर्षं चार महिने रोज! फक्त रविवार सोडून. मी पहाटे पाचला उठून एकदा सगळं वाचून ठेवायचे, अडखळायला नको म्हणून. नवा चष्मासुद्धा त्यासाठीच केला. तू म्हणशील, म्हातारी बावळट, तिला काय कळतंय कुठला कागद कसला ते. बावळट नाहीये मी. पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मार्चचा दुसरा सोमवार. म्हटलं, अरे ठोंब्या, यावर तर लाल अक्षरांत ‘गोपनीय’ लिहिलंय, मी वाचू का? तर म्हणाला, ‘आई, वरचं नको वाचूस गं, खालचं वाच.’ झालं. त्या दिवसापासून मी वरचं कधी वाचलं नाही, सरळ खालून सुरुवात. सांगितल्याबाहेर पाऊल नाही टाकलं.

आता ही स्मरणशक्ती कमी आहे का, सांग. अजून ऐक. गेल्या सप्टेंबरात एक पत्रक निघालं, आठवतं? ‘खासगी ईमेलवर सरकारी कागद मागवू नयेत, मागवल्यास कारवाई होईल’ — तुमच्याही ऑफिसच्या भिंतीला लावलं असेल. त्याचा मसुदा कुठे आला होता? इथे! सही ठोंब्याचीच. मीच त्याला फोनवर वाचून दाखवला. म्हटलं, मधलं वाक्य फार लांबलंय, दम लागतो, त्याची दोन कर. त्याने केली. बघ जाऊन भिंतीवर, ती दोन छोटी वाक्यं माझी आहेत. मग मीच विचारलं, अरे, मग आपलं आता बंद करायचं का? तिकडे त्याने नळ बंद केला. मग म्हणाला, ‘ते बाकीच्यांसाठी आहे गं. तुझा आवाज ऐकल्याशिवाय माझी सकाळ होत नाही.’ — तू बंद केलं असतंस? खरं सांग. तुझ्या पोटच्या पोराने असं म्हटलं असतं तर? मी नाही केलं. मला कुणी फासावर दिलं असतं तरी केलं नसतं.

राहता राहिला तो पूल, ज्यावरून एवढं रामायण झालं. त्याचंही सांगते, आणि त्याची मला तिळमात्र लाज नाही. सैन्याच्या रसदीच्या गाड्या जाणार होत्या, कागदासोबत नकाशा होता, आणि नकाशात जो पूल दाखवला तो दोन वर्षांपूर्वीच्या पुरात वाहून गेलाय! माझी एक विद्यार्थिनी त्याच गावात डॉक्टर आहे, तिने फोटो पाठवला होता. गाड्या निघणार सोमवारी पहाटे, अंधारात. आणि तो दिवस रविवार. रविवारी ठोंब्या फोन उचलत नाही. सहा वेळा लावला. मग मी काय हातावर हात ठेवून बसू? त्या गाड्यांत कुणाची पोरं नव्हती? दिलं उत्तर. खाली दोन बटणं असतात, एक नुसतं उत्तर द्या, एक सर्वांना उत्तर द्या. मी सर्वांना दिलं. चूक सगळ्यांनी वाचली होती, तर दुरुस्तीही सगळ्यांनी वाचायला नको? लिहिलं — ‘पूल वाहून गेला आहे. नकाशा जुना आहे. गाड्या वरच्या पुलावरून न्याव्यात. एवढ्या जबाबदारीच्या जागी बसून असा निष्काळजीपणा शोभत नाही.’ त्रेचाळीस जणांना गेलं. त्यातल्या एका शहाण्याने पेपरवाल्यांना दिलं. पण गाड्या वळवल्या की नाही? वळवल्या! चौकशी माझी चाललीय, बाई. नकाशा ज्याने काढला तो मजेत असेल.

म्हणून म्हणते, तुम्हाला कुणाला तरी धरायचंच आहे ना, मला धरा. सगळं मी केलंय, शुद्धीवर राहून केलंय, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. पण ‘म्हातारीला आठवत नाही’ हे मी ऐकून घेणार नाही, ते माझ्या मुलाने म्हटलं तरी नाही. अकरा दिवस फोन नाही केलाय त्याने. वकिलाने मना केलं असणार. रोज सव्वासातला खुर्ची इथे ओढून बसते मी — सवय, दुसरं काही नाही.

तू फारसं लिहिलेलं दिसत नाही गं. मघापासून एवढी बोलतेय मी आणि कागदावर दोनच ओळी? बघू... नको, फिरवू नकोस, मला उलटं येतं वाचता. ‘मार्च — गोपनीय असल्याचे मुलास सांगितले होते.’ हं. ‘सप्टेंबर — स्वतः बंदी घातल्यानंतरही चालू.’

...

पण मी हे त्याच्या बाजूने सांगत होते. मी... पुलाचं नाही लिहिलंस? पासवर्ड माझा होता ते? चष्म्याचं? तेवढंच तेवढं वेचून —

थांब. वाजतोय. सव्वासात झाले का? तू नको, तू हात लावू नकोस! माझ्या घरातला फोन आहे, मी उचलते.

हॅलो — रॉंग नंबर! रॉंग नंबर म्हटलं ना! नाही हो, इथे कुणाचीही आई राहत नाही. परत या नंबरवर फोन करू नका. कधीच करू नका.

कोण होतं? मला काय माहीत. माणूस होता कुणीतरी. ‘आई’ म्हणाला? तुला ऐकू आलं असेल, मला नाही आलं, माझे कान गेलेत. आणि काय गं, ते मार्च न् सप्टेंबर काय लिहिलंयस? मी सांगितलं? कधी? मला नाही बाई आठवत. पुढच्या वेळी विचारशील तेव्हाही नाही आठवणार, कोर्टात उभी केलीस तरी नाही. तो मघाशी खोडलेला शब्द आहे ना, तो परत लिही. ठळक लिही.

ऊठ आता. चहा राहू दे. जाताना दार ओढून घे.