पावणेदोन किलो साखर

नाही, पण मला एक सांगा, गणिताचं पुस्तक निवडणं म्हणजे काय मुलीसाठी स्थळ बघणं आहे? मग आमच्या शेजारच्या दिनानाथने एवढी पुस्तकं बघून नाकारली का? आणि नाकारली तर नाकारली, पण इतक्या मोठ्याने का? तुम्हाला सांगतो, वाशीतल्या आमच्या नव्या बिल्डिंगच्या भिंती... भिंती कसल्या, पडदेच ते! तिकडे दिनानाथ शिंकला की इकडे आमची ही माझ्यापुढे हळद-दूध ठेवायची! आणि त्या भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी एकच आरोळी... 'मुलगी कच्ची नाही, पुस्तक कच्चं आहे!'

झालं काय होतं, त्याची थोरली सरोजिनी, म्हणजे सरू, तिसरीत असताना काविळीने पडली. शाळा बंद, पथ्यपाणी सुरू. बाकीचे विषय तिने अंथरुणात लोळून वाचून काढले, पण गणित? गणिताशी तिचं आधीपासूनच वाकडं, त्यात ही कावीळ! शाळेच्या मोठ्या बाईंनी दिनानाथला बोलावून सांगितलं, 'हे बघा, गणित तुम्ही घरीच करून घ्या. शाळा उघडली की मी स्वतः परीक्षा घेईन. जमलं तर चौथी, नाही जमलं तर पुन्हा तिसरी.' आता पुन्हा तिसरी म्हणजे काय, कळलं का तुम्हाला? त्याच वर्षी तिची धाकटी बहीण वैजयंती तिसरीत येत होती! दोघी एकाच वर्गात! वैजू तर लगेच म्हणाली, 'ताई, मी तुला खिडकीजवळची जागा देईन हं!' चांगल्या मनानेच म्हणाली हो पोर, पण सरू मोरीत जाऊन जी रडायला लागली... ते रडणं ऐकून आमच्या हिने इकडे पदर डोळ्यांना लावला. आणि दिनानाथ? तो ताटावरून तसाच उठला, म्हणाला, 'शाळेचं पुस्तक आणा बघू इकडे.'

आणलं. त्यात काय, तर संच! गोठ्यातल्या गाईंचा संच, झाडावरच्या पोपटांचा संच. दिनानाथ म्हणाला, 'मी आजवर फक्त चहाच्या कपांचा संच ऐकला होता!' तरी बिचारा शिकवत राहिला. आठवड्याभराने सरूच्या आईने, अरुणावहिनींनी विचारलं, 'सरू, पातेल्यात भाजी उरलीय का गं?' तर सरू म्हणते, 'रिक्त संच!' आणि बारातून सात गेले, उरले किती, तर... तिथेही रिक्त संच! झालं! पुस्तक माळ्यावर आणि आरोळी भिंतीतून... 'मुलगी कच्ची नाही, पुस्तक कच्चं आहे!'

मग वरच्या मजल्यावरचे रशीदभाई आले. माणूस एकदम दिलदार, पण सल्ला द्यायला लागला की खाली बसत नाही. 'अरे दिनाभाऊ, ह्या संचाच्या नादी कशाला लागतोस? इंग्लिश बुक आण, कलरवालं! पोरं चित्र बघून शिकतात!' झालं, हा खाडीपूल ओलांडून थेट दादर! घाम पुसत पुस्तक घेऊन आला. पहिल्याच पानावर टॉम आणि त्याची आठ सफरचंदं. दिनानाथने मराठीत करून सांगितलं, 'टॉमने त्यातली तीन खाल्ली, तर उरली किती?' सरूचा चेहरा इतका पडला, इतका पडला... 'बाबा, टॉमला पण कावीळ झालीय?' घ्या! आता आपल्याकडे सफरचंद आणतात कधी? कोणी आजारी पडलं की! मुलीचं काय चुकलं? उरलेल्या सफरचंदांचं राहिलं बाजूला, टॉमला उसाचा रस चालेल का यावर बापलेकीची अर्धा तास चर्चा!

अरुणावहिनी कळवळून सांगत होत्या, 'अहो, एक पुस्तक धरा! पोरीच्या डोक्याची भेळ झाली!' पण ऐकतो कोण? त्यात दिनानाथचे सीताराम काका आले कोरेगावहून, बगलेत अंकलिपी घेऊनच. 'अरं दिना, पोरीला पावकी-निमकी न्हाय येत? मग तू शिकवतोस तरी काय, लेका?' आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी, सगळे पाव-अर्ध्या-दीडचे पाढे! काकांचा आवाज शेतातला हो, बांधावरून हाक मारायचा! सरूला पाठ झालं का ते देव जाणे, मी मात्र ऑफिसात साहेबांसमोर फाइल धरून 'बे दीडे तीन' म्हणालो!

शेवटी परीक्षेचा दिवस उजाडला. दिनानाथ मलाच म्हणतो, 'चल रे, मला एकट्याला टेन्शन येतंय.' गेलो. मोठ्या बाईंसमोर सरू उभी, तेल लावून घट्ट वेण्या, फ्रॉकचा कोपरा मुठीत. लेखी बेरजा-वजाबाक्या रडतखडत जमल्या, काही गेल्या. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. 'एक तोंडी विचारते. सव्वा किलो साखर आणि पावणेदोन किलो साखर, मिळून किती?' दिनानाथने माझा दंड असा काय धरला, सांगतो तुम्हाला, मी ओरडायचाच राहिलो! सरूने छताकडे बघितलं, ओठ हलले...

'तीन किलो!'

बाईंचा चेहरा असा खुलला! 'शाब्बास! मनातल्या मनात केलंस? जा, बैस चौथीत!' दिनानाथच्या डोळ्यांत पाणी, माझ्याही, खोटं कशाला बोलू. सरू तर एवढी हसली की काविळीनंतर पहिल्यांदाच तिचे सगळे दात दिसले.

घरी येताना दिनानाथने कौतुकाने विचारलं, 'सरू, केलंस कसं गं?' पोर उड्या मारत सांगते, 'सोप्पं होतं, बाबा! सव्वा म्हणजे एक, वरची थोडीशी सांडते ना, ती धरायचीच नाही. आणि पावणे दोन म्हणजे पावण्यांसाठी दोन! आपले काका नाही का म्हणत, पावणे आले, च्या टाका? एक आणि दोन तीन!'

दिनानाथ रस्त्यातच थांबला. पुढे सरू पळत सुटलेली, 'वैजू, मी चौथीत! वैजू, मी चौथीत!' काय सांगणार हो त्या पोरीला? परत बाईंकडे नेणार? 'उद्या,' तो पुटपुटला, 'उद्यापासून पावणे नीट समजावतो. आज नको.'

आणि बिल्डिंगच्या फाटकापाशी पोचतोय, तर शेजारच्या सेक्टरमधले एक गृहस्थ वाटच बघत होते. बातमी आमच्या आधी पोचलेली! 'दिनानाथराव, अभिनंदन! आमचाही गणितात कच्चा आहे हो. तुम्ही पुस्तक कोणतं वापरलंत?'

दिनानाथने त्यांच्याकडे बघितलं, एक मोठ्ठा सुस्कारा टाकला आणि म्हणाला, 'कुठलंही घ्या हो. फक्त उत्तर बरोबर आलं, की पुढे काही विचारू नका!'