आठ फुटी मशीन

सोमाजी : सुदर्शन, बिरोबाच्या देवळाच्या दारासाठी ह्यो उंट कशाला कोरलायस?

सुदर्शन : मेंढी हाय ती, आबा. आन् ट्रायलची फळी हाय, दाराची न्हाई.

सोमाजी : साठ वर्सं मेंढरामागं हिंडलो मी. एवढ्या मानेची मेंढी आमच्या महाळुंग्यात तरी न्हाई बघितली.

सुदर्शन : बेल्टनं घोळ केला, आबा. ही कोरायची मोटर हाय ना, ती आठ फूट मागंपुढं पळती. तिला वढायला दातांचा रबरी पट्टा लावला, स्वस्तात बसला म्हणून. पण एवढ्या लांबीला त्यो ताणतो. मानंपाशी मोटर थांबायला पायजे व्हती, ती गेली पुढं.

आशा : आबा, चहा घ्या. याच्या आधीची मेंढी यांनी तुम्हाला दाखवली नाही वाटतं.

सुदर्शन : आशा, तुझे ते ब्लाऊज आज द्यायचेत ना?

आशा : झाले शिवून. ती मेंढी पट्ट्यावरची नव्हती, आबा. तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातली आट्यांची सळई लावली होती. सळई फिरली की तिच्यावरचा नट सरकायचा आणि नटासंगं मोटर. सकाळी दहाला सुरू केली, दुपारी दोनपर्यंत नुसतं शेपूट झालं. मग हे म्हणाले, वेग वाढवतो. वाढवला, तर ती आठ फुटी सळई पोरींच्या उड्यांच्या दोरीसारखी नाचायला लागली. सासूबाई इथं शेडमध्ये बसून गहू निवडत होत्या, त्या सूप घेऊन थेट रस्त्यावर.

सोमाजी : आन् मेंढीचं काय झालं?

आशा : शेपूट छान झालं होतं.

सोमाजी : हे बघ सुदर्शन, मला मशीनमधलं काय कळत न्हाई. पण यात्रा महिन्यावर आलीय. आमचे भाऊबंद म्हणत्यात, शहरातनं तयार फायबरचं दार आणू, बसवू आन् मोकळं होऊ. मीच अडून बसलोय, का आपल्या वळखीतला माणूस हाय, लाकडातच करून देईल.

सुदर्शन : देतो की, आबा. यावर खरं औषध एकच, बॉलस्क्रू. दांड्यावर गोल आटे, नटात छर्रे. ताणत न्हाई, केसाएवढं इकडचं तिकडं व्हत न्हाई. कंपनीत आमच्या समद्या मशीनला त्योच व्हता.

सोमाजी : मंग लाव की त्यो.

सुदर्शन : आठ फुटांचा घ्यायचा म्हणलं तर त्या पैशात अशी दोन मशीनं उभी राहत्यात. आन् एवढा लांब दांडा जोरात फिरवला तर त्योबी नाचणार.

सोमाजी : दार केवढं हाय आपलं?

सुदर्शन : सात फूट.

सोमाजी : एकाच फळीचं?

सुदर्शन : न्हाई. चौकट, आन् तिच्यात बसवायच्या आठ फळ्या. एकीवर एक मेंढी.

सोमाजी : फळी केवढी?

सुदर्शन : दीड फूट.

सोमाजी : मंग ही मोटर आठ फूट कुठं पळती?

आशा : मी हेच विचारलं होतं, आबा. पण यांनी बेल्ह्याच्या बाजारात सगळ्यांना सांगून ठेवलंय, तालुक्यात नाही असं आठ फुटी मशीन बांधतोय. माझे भाऊ नारळ घेऊन आले होते. माझ्या माहेरी, पिंपरी पेंढारला, घरटी पेढा गेलाय. आता ते कापायचं कसं?

सुदर्शन : पेढ्याचं न्हाई गं. कंपनी सोडून आलो मी. दोन फुटांचं खेळणं बांधायला सोडली का, असं म्हणतील लोक.

आशा : कंपनीतून फोन आलाय त्यांना, आबा. एक तारखेला परत या म्हणतात. यांनी अजून नाही म्हटलेलं नाही.

सुदर्शन : तुला कुणी सांगितलं?

आशा : तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून बोलता.

सोमाजी : तुझं काय म्हणणं, पोरी? जाऊ दे का त्याला?

आशा : शिफ्टवरून यायचे तेव्हा जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत. ताट धुऊन झोपायचे. आता उंटाबद्दल का होईना, रोज बोलतात. मशीन कापा म्हणते मी. परत जा म्हणत नाही.

सुदर्शन : …दोन फुटांचा बॉलस्क्रू भोसरीत भंगारवाल्याकडं मिळतो. जुना, पण चांगला.

आशा : आणि मोटर आडवी सरकते, त्या बाजूला?

सुदर्शन : तिकडं ह्योच पट्टा, कापून. आखूड केला की ताणायचा न्हाई.

सोमाजी : मंग कर. भाऊबंदांना मी थोपवतो.

(तीन आठवड्यांनी, त्याच शेडमध्ये.)

सुदर्शन : आबा, बूट काढू नका, भुसा हाय खाली. ही घ्या पहिली फळी.

सोमाजी : हितं अंधार हाय. दाराशी ये जरा.

सुदर्शन : तीन तास लागले. मधी एकदाबी थांबवली न्हाई. दांड्याला थोडा गंज व्हता, त्यो आशानं शिलाई मशीनचं तेल घालून काढला.

आशा : कंपनीला ‘येत नाही’ म्हणून कळवून टाकलं, तेही सांगा.

सुदर्शन : ते झालं. आबा, सांगा की कशी झालीय.

आशा : हात फिरवू द्या त्यांना.

सुदर्शन : पाय जरा जाड झालेत, मला ठावं हाय. पुढच्या फळीत बारीक करतो. मान मोजून घेतलीय. आबा, काय चुकलं का?

सोमाजी : चुकलं न्हाई रं.

सुदर्शन : मंग?

सोमाजी : लोकर कातरायला आलीय हिची.