मेणवेल हुंड्यात नाही

— नाही, तिला हात नका लावू, दाजी. बाकी सगळं उचला. अंगठ्या, रजया, टीव्ही, आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलेली ती कागदाची नवरी — सगळं तुमचं. ही वेल नाही. आईनं सांगितलं असेल, यू-फेनची लाडकी आहे, हीपण न्या. आईचं काय जातंय सांगायला. — दाजी म्हटलेलं चालतं ना? यू-फेनशी, माझ्या मेलेल्या बहिणीशी लग्न लावलंत, म्हणजे रीतीनं दाजीच. तुमची जिवंत बायको खाली टॅक्सीत बसलीय, तिला बोलवा की वर, चहा घेईल. आजपासून ती धाकटी. लाकडी पाटीवरच्या यू-फेनच्या नावाला ‘ताई’ म्हणायचं तिनं. काका शिकवतील, काकांना शिकवायची फार हौस.

इकडे बघा. या कीलुंग बंदरातला पाऊस आडवा येतो, म्हणून खिडकीच्या या लोखंडी पिंजऱ्यात आतल्या बाजूला टांगलीय. पाणी बेतानं, कुंडी लहानच — मुळं आवळलेली असली तरच फुलते ही. आणि सुकलेला देठ कापायचा नाही. फुलांचा झुबका गळाला की हा असा बोटभर देठ मागे राहतो, बोडका, मेल्यासारखा दिसतो — पण पुढच्या वर्षी फुलं येतात ती त्याच देठावर. ताई गेली त्या वर्षी नववर्षाच्या साफसफाईत आईनं कात्री घेतली आणि देठ उडवले. पाहुणे येणार, वाळकं बरं दिसत नाही म्हणे. दुपारभर चीक गळत होता फरशीवर, दुधासारखा. मी ओरडलो तर बाबा म्हणतात, कॉलेज सोडून घरात लोळतोस आणि झाडापायी आईवर आवाज चढवतोस? — या घरात हेच. वाळकं दिसलं की छाटा.

ताईचं वेगळं काय झालं? बिनलग्नाची मेली, म्हणून तिच्या नावाची पाटी माहेरच्या देव्हाऱ्यात बसत नाही. मग ठेवली कुठे? वॉशिंग मशीनवर. पाटी, पुढ्यात उदबत्तीची वाटी, शेजारी साबणाचा डबा. ज्या पणजोबांनी जुगारात होडी घालवली ते हॉलमध्ये लाल दिव्याखाली, आणि जी बंदरावर दुहेरी पाळ्या करून या सगळ्यांना जेवू घालायची ती मशीनवर. कपडे पिळायला लागले की पाटी थरथरायची. — मग म्हणे बाबांच्या स्वप्नात आली. मला सासर बघून द्या म्हणाली. ताई? ती जिवंतपणी बाबांकडे मीठ मागायची नाही. स्कूटर घसरून मेली, तर काका प्रेतापाशी उभं राहून म्हणतात, वेळेवर लग्न केलं असतं तर त्या रस्त्यानं गेलीच नसती.

म्हणून मी काय केलं — सांगतोच आता. आत्मा उदबत्तीच्या राखेमागं जातो, हे तुम्हीही मानता. तिच्या वाटीतली राख मी चमच्यानं काढली आणि या कुंडीत मिसळली. वाटीत काय भरलं? मच्छर अगरबत्तीची राख. बाबांनी त्याच वाटीपुढे गुडघे टेकले, लाकडी चकत्या टाकून कौल लावला — पोरी, हा नवरा पसंत आहे का? तिन्ही वेळा होकार. मच्छर अगरबत्तीनं होकार दिला, दाजी. काका रडले. हसा की, मीपण बाथरूममध्ये जाऊन हसलो.

तेव्हा ते पाटीचं लाकूड घेऊन जा खुशाल. ताई इथं आहे. एक देठ आईच्या कात्रीतून सुटला होता, पानाआड. त्यालाच कळ्या धरल्यात, बघा — आता कुंडी नुसती फिरवली तरी गळतील. मी बसतो इथं, बोलतो तिच्याशी. उत्तर देते का? — देते. म्हणजे — देईल. आधी मशीनपाशी उभं राहिलं की मागं कुणीतरी असायचं, मान गार पडायची माझी. राख इथं आणल्यापासून काही नाही. रुसली असेल. फुलली की बोलेल, असं आपलं मला वाटतं.

काय? कसला वास? — कळ्या मिटलेल्या आहेत, दाजी. ही फुलल्याशिवाय वास सोडत नाही, आणि तोही दिवस कलल्यावर. — कोकोसारखा? गोड, जरासा जळका? हे तुम्हाला कुणी सांगितलं? आईला तर तो वास कधीच यायचा नाही, ताईला यायचा आणि मला. — कुंडीपाशी या. इथं येतोय? इथं नाही? मग कुठं —

ती पाटी छातीशी कधीपासून धरलीय तुम्ही?

नको, माझ्या नाकाशी नका आणू. मला नाही येत. मला काहीच येत नाही. — लाल कापडात नीट गुंडाळा. जिन्यात दिवा नाही. प्रत्येक वळणावर नाव घेऊन हाक मारा तिला, ‘यू-फेन, इथं वळतोय’ म्हणून, मोठ्यानं, नाहीतर मागं राहतात गेलेली माणसं. मारा म्हणजे नक्की मारा. — आता जा. दार मी लावतो.