धग अडवणारी काच

नागसेन : चला बाबा, पिशवी भरा. गाडी बाहेर उन्हात उभी हाय.

बुधाजी : हळू बोल. अभ्यासिका हाय हे. लोक अभ्यास करून राह्यले.

नागसेन : म्हातारा माणूस आठ दिवसांसाठी म्हणून पोरीकडं अकोल्याले येते, अन् सारा मे महिना इथंच काढते! अमरावतीत लोक मले विचारतात, बापाले घराबाहेर काढलं काय म्हणून.

बुधाजी : मंग सांग त्याईले. तुह्या बंगल्यात मले घेरी आली, थेही सांग.

नागसेन : एसी लावून देल्ला होता न तुमाले!

बुधाजी : पश्चिमेकडून भिंतभर निळी काच. दुपार कलली का एसी नुसता घरघर करे. मी काचेवर ओली चादर टाकली, तं तूच ओढून काढली. म्हणे, बंगल्याची शोभा जाते.

प्रियदर्शनी : भाऊ! कधी आलास? बस, पाणी आणते.

नागसेन : पाणी नोको. तू नकाशा काढलेल्या या अभ्यासिकेचीच तारीफ ऐकून राह्यलो. पेपरात फोटो आला म्हणे तुहा.

प्रियदर्शनी : आला. पाहिलास तू?

नागसेन : मी काहून पाहू? शेजाऱ्यानं आणून दाखोला. म्हणे, 'तुमी त्या आर्किटेक्ट मॅडमचे भाऊ काय?' अर्धी कॉलनी माह्या हातची हाय तिथं. सारे मले नागसेन ठेकेदार म्हणत. आता मी मॅडमचा भाऊ झालो!

बुधाजी : उलीसक हात लाव इथल्या काचेले. बाहेर आग पडून राह्यली, अन् मी तिले पाठ लावून पेपर वाचतो.

नागसेन : त्यात काय जादू हाय? एकीच्या जागी दोन काचा बसोल्या.

प्रियदर्शनी : दोन काचा, मधल्या फटीत हवेऐवजी दुसरा वायू भरून सगळं बंद केलंय. बाहेरच्या काचेला आतल्या अंगानं चांदीचा थर दिलाय, डोळ्याला दिसणारही नाही इतका पातळ. उजेड आत येतो, उन्हाची धग बरीचशी बाहेरच परत जाते. आणि छज्जाही खोल काढलाय. नुसत्या काचेच्या भरवशावर सोडलं नाही.

नागसेन : 'काढलाय', 'सोडलं नाही'! पुण्याले शिकून आली तवापासून तुही जीभच बदलली. अवं, हे काच आपल्या वऱ्हाडातल्या उन्हात दोन उन्हाळे बी टिकत नाही. तडकते.

प्रियदर्शनी : हेच वाक्य आज सकाळी ऐकलं मी.

नागसेन : कोणाकडून?

प्रियदर्शनी : अचलपूरच्या देवमन डॉक्टरांकडून. त्यांच्या नव्या दवाखान्याचा नकाशा मी केलाय. सकाळी त्यांचा फोन आला, आपण साधीच काच लावू म्हणाले. का विचारलं, तर म्हणतात, 'अकोल्याची काच तडकली, तुमच्या भावानंच सांगितलं.'

बुधाजी : नागसेन?

नागसेन : एका लग्नात भेटले होते थे. गोष्टीतून गोष्ट निंगाली.

प्रियदर्शनी : इथली एक तरी तडकलेली काच दाखव मला. भाऊ, तिथं बाळंतिणींची खोली पश्चिमेला आहे. जागाच चिंचोळी, दुसरीकडं वळवता येत नाही. मे महिन्यात कालचं जन्मलेलं लेकरू तिथं निजन! माह्यावर राग होता तं मले शिव्या द्यायच्या होत्या तू!

नागसेन : राग नाही वं.

बुधाजी : मंग काय हाय?

नागसेन : पंगतीत साऱ्याईसमोर तुहीच तारीफ करून राह्यले होते डॉक्टर. अशी हुशार, तशी हुशार. त्याईचं राहतं घर मी बांधलं, बाबा. त्या घराबद्दल एक शब्द नाही काढला. माह्या तोंडात घास फिरून राह्यला होता. मंग निंगून गेलं तोंडातून.

बुधाजी : अन् मी बी इथंच येऊन बसलो.

नागसेन : तुमी बी इथंच येऊन बसले.

प्रियदर्शनी : बाबांना मी बोलावलं नव्हतं, भाऊ. ते आपणहून आले.

नागसेन : माहीत हाय. थेच तं झोंबते.

बुधाजी : झोंबू दे. पण त्या लेकरानं तुहं काय बिघडोलं होतं?

नागसेन : प्रिया, डॉक्टर आता फोन उचलतीन काय?

प्रियदर्शनी : उचलतील. पण इथं नको बोलूस, बाहेर जा.

(नागसेन मोबाईल घेऊन बाहेर जातो. काचेपलीकडं उन्हात उभा राहून बोलताना दिसतो.)

बुधाजी : काही ऐकू येऊन नाही राह्यलं.

प्रियदर्शनी : या काचेतून आवाजही कमी येतो, बाबा.

बुधाजी : हात हालवून राह्यला. भांडते का काय त्याईच्याशी?

प्रियदर्शनी : नाही. आता नुसता ऐकतोय.

बुधाजी : डोक्शाले दुपट्टा तं बांधावा मानसानं. ऊन लागन त्याले. बोलाव आत.

प्रियदर्शनी : राहू द्या. बोलू द्या त्याला.

बुधाजी : आला पाह्य. तोंड लाल झालं पोराचं. बस बाबू, इथं बस माह्याजवळ.

प्रियदर्शनी : काय म्हणाले?

नागसेन : तुह्या नकाशातलीच काच लावतो म्हणे. पण आधी मले लय झापलं.

बुधाजी : झापतीन नाही तं काय.

नागसेन : म्हणे, काच तडकली नव्हती तं तसं सांगतलं काहून?

प्रियदर्शनी : मग?

नागसेन : खरं तेच सांगतलं. म्हटलं, बहीण माह्याहून लहान हाय, अन् नाव तिचं झालं.