बारकी दांडी

(बिडकीनचा रस्ता. कडेला थांबलेली जुनी जीप, आत नवरा-बायको.)

कडूबा : मी सांगतो तुला, गिअरबॉक्स गेला. इंजन बोंबलतंय, गिअर पडतोय, अन् चाक जागचं हालत नाय.

चतुराबाई : बकऱ्या आडव्या आल्या तवर तर बरी चालत व्हती.

कडूबा : बंदच पडायचं व्हतं तर बाजारात पोचून पडायचं. नेमकी काकासाहेबाच्या शेतापाशी कामून पडली?

चतुराबाई : बरंच झालं. त्यांचा ट्रॅक्टर उभाच हाय.

कडूबा : मी इथंच बसून राहीन, पण त्या माणसाला हाक मारणार नाय. सायलीची सुपारी फोडायची सोडून भरल्या बैठकीतून उठून गेला तो. तवापासून फोन उचलत नाय.

चतुराबाई : मंग काय करतील? तुम्हीच म्हणले, माझी जीप मिलिटरीची हाय, चारी चाकांनी वढती, तुमचा ट्रॅक्टर तिच्यापुढं खेळणं हाय.

कडूबा : गंमत केली व्हती.

चतुराबाई : तुमची गंमत झाली, अन् लेकीचं जेवण गेलं. त्यांच्या आकाशचं नाव निघालं की ताटावरून उठती पोरगी.

कडूबा : मला दिसत नाय व्हय? माझा बी जीव तुटतो. पण त्याच्या दारात मी जायचं म्हंजे...

चतुराबाई : गप बसा, आलेच ते.

काकासाहेब : कोण थांबलंय? अच्छा, मिलिटरी हाय व्हय.

चतुराबाई : भाऊ, गाडी अडकली आमची.

काकासाहेब : चारी चाकांची गाडी अन् अडकली? कमाल हाय. वहिनी, विचारा त्यांना, खेळण्यानं वढलं तर चालंल का?

कडूबा : सांग त्यांना, मी मिस्त्री बोलवतो.

काकासाहेब : छावणीतून मिस्त्री येईस्तवर दिवस मावळंल. दोर बांधतो मी. वहिनी, त्यांना म्हणा, गिअरच्या बाजूची बारकी दांडी न्यूट्रलला घ्या. तशीच वढली तर चार चाकांचा डबा आतून फुटंल.

कडूबा : मला शिकवतोय. काढ ती तुझी पिशवी दांडीवरनं. ...चतुरा.

चतुराबाई : काय?

कडूबा : दांडी न्यूट्रललाच हाय.

चतुराबाई : असू द्या मंग.

कडूबा : असू द्या काय? ही न्यूट्रलला असली की कितीबी गिअर टाका, गाडी हालत नाय. म्हंजे गाडीला काय धाड भरलेली नाय. कुणी सारली ही?

चतुराबाई : हळू बोला. तुम्ही बकऱ्यांवर वरडत व्हते तवा सारली मी. छावणीतून ही गाडी वढून आणली, तवा मिस्त्री दांडीचं समजावून सांगत व्हता. तुम्ही लोकांना फोटो दाखवत व्हते. मी ऐकत व्हते.

कडूबा : लई शहाणी झाली. आता टाकतो गिअरात अन् जातो त्याच्या नाकावर टिच्चून.

चतुराबाई : जावा. पण घरी गेल्यावर सायलीला तुम्हीच सांगा.

काकासाहेब : दोर बांधला, वहिनी. घेतली का दांडी?

चतुराबाई : विचारतेत ते.

काकासाहेब : वहिनी?

कडूबा : घेतली. घेतली, काकासाहेब. आमच्याच्यानं काय हालत नाय ही. तुमच्या ट्रॅक्टरचंच काम हाय.

काकासाहेब : काय म्हणले?

कडूबा : तुमच्या ट्रॅक्टरबिगर हालत नाय म्हणलं. त्या दिवशी बैठकीत मी नको ते बोललो.

काकासाहेब : अवो, जुनी गाडी हाय, चालायचंच. आधी घरी चला. आकाशची माय चहा टाकंल, गाडीचं मंग बघू. बसा नीट, व्याही.

चतुराबाई : ऐकलं का, काय म्हणले?

कडूबा : ऐकलं. ...काय गं, पिशवीत काय हाय?

चतुराबाई : पेढे.

कडूबा : बाजाराला जाताना पेढे?

चतुराबाई : तुम्ही पुढं बघा. दोर ढिला पडू देऊ नका.