सीट खाली घ्या

सिंधीपुऱ्यात भिकन मिस्त्रीकडे पंक्चर काढायला थांबलेल्या नंदकुमारचे कान शेजारचं बोलणं ऐकून टवकारले. कुसुमबाई दिवंगत नवऱ्याची, मास्तरांची, सायकल घेऊन आल्या होत्या, मागोमाग दीरही.

"भिकनभाऊ, सीट खाली घ्या. माझे पाय पोचायला हवेत."

"घेतो बाई. चामडं पक्कं आहे, अजून दहा साल जाईल. पण उजवीकडे पार बसलंय. तुम्ही मागं डावीकडे पाय सोडून बसायच्या, म्हणून मास्तर उजवीकडे झुकायचे."

"वहिनी, ही दांड्याची सायकल आहे. बाईमाणसाची नव्हे."

"दांडा आहे तर काष्टा घालीन, भाऊजी. बहादरपूरच्या शाळेत त्यांच्या जागी मला घेतलंय."

"मी सोडीन ना रोज. मागं बसा."

"मागं बसूनच ही सीट वाकडी झाली."

"लोक हसतील!"

"परवा राज्यं नव्यानं आखली, आपली अख्खी राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तेव्हा कोण हसलं? मी तर बहादरपूरलाच चाललेय."

"बाई, तरी नवी सीट घाला. चामडं बसणाऱ्याच्या बैठकीचा आकार घेतं, त्याचंच होऊन जातं. ही मास्तरांची झालीय, तुम्हाला टोचेल."

"टोचू दे. मी बसल्याशिवाय ती माझी होणार कशी?"